चाकातून घूं घूं आवाज येतोय? बेअरिंग बदलण्याआधी एवढं तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ ची स्विफ्ट, ७८,००० किमी चाललेली. पावसाळा संपल्यापासून साठच्या पुढे वेग गेला की पुढच्या बाजूने घूं घूं आवाज येतो आणि वेगाबरोबर वाढतो. गॅरेजवाला म्हणतो पुढची दोन्ही बेअरिंग (चाक ज्यांच्यावर फिरतं ते भाग) गेली, जोडीनेच बदला. टायरवाला म्हणतो टायर बोलतायत. दिवाळीत घरच्यांना घेऊन कोल्हापूरहून पुण्याला जायचंय, तर कोणाचं ऐकायचं आणि तोवर गाडी चालवायची का?

दोघांपैकी कोणाचंही खरं निघू शकतं, पण तुमच्या लिहिण्यावरून दोघांनीही गाडी उचलून पाहिलेली दिसत नाही. आणि ‘जोडीनेच बदला’ हे तर सरळ चूक आहे. शॉकअप जोडीने बदलतात, ब्रेक पॅड जोडीने बदलतात, कारण एक नवा आणि एक जुना राहिला तर गाडी एका अंगाला ओढते. बेअरिंगला तसं काही नसतं. डावं गेलं असेल तर डावंच बदलायचं. उजवं चांगलं असताना ते प्रेसखाली (दाबयंत्राखाली) घालून काढणं म्हणजे चांगला माल खराब करून नवा माल विकणं. माझ्याकडे ‘बेअरिंगचा आवाज’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत टायरच खराब निघालेल्या बऱ्याच असतात, आणि काही तर दुसरीकडे बेअरिंग बदलून आलेल्या असतात. आवाज मात्र जागच्या जागी.

गोंधळ का होतो, तर दोन्ही आवाज चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेले असतात. इंजिन कितीही फिरवा, गाडी उभी असेल तर दोन्ही गप्प. चालू लागली की दोन्ही सुरू. बेअरिंगचा आवाज सुरुवातीला दूरवर पिठाची गिरणी चालू असल्यासारखा येतो, एकसुरी आणि जड. पुढे पुढे त्यात खरखर मिसळते. खराब टायरचा आवाजही जवळजवळ तसाच, फक्त त्यात ‘वूं-वूं-वूं’ असा ठेका जास्त असतो. नुसतं कानाने ओळखणारे कारागीर आहेत, नाही असं नाही, पण त्यांनाही दोन परीक्षा करून मगच पाना हातात घ्यावा लागतो.

पहिली परीक्षा फुकटची आहे आणि तुम्हाला गाडीतच बसून करता येईल. रस्ता बदलला की आवाज बदलतो का ते ऐका. डांबर नवं आणि गुळगुळीत असेल तिथे, मग खरबरीत जुन्या डांबरावर, मग सिमेंटच्या पट्ट्यावर, एकाच वेगाने. टायरचा आवाज पृष्ठभागाबरोबर बदलतो, कधी एकदम अर्धा होतो. बेअरिंगला खाली काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याचा सूर तोच राहतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सिमेंटमुळे चांगले टायरसुद्धा गुणगुणतात, म्हणून तिथे ऐकून कधीच निकाल देऊ नका.

दुसरी परीक्षा वळणाची. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा हवा, मागेपुढे कोणी नको. साठच्या आसपास वेग धरून स्टिअरिंग हलकेच डावीकडे, मग हलकेच उजवीकडे, अगदी लेन बदलताना वळवतो तेवढंच. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी आवाज वाढला आणि डावीकडे वळताना कमी झाला, तर संशय डाव्या बाजूवर. उलट झालं तर उजवीवर. महामार्गावर येता-जाता खंबाटकीसारखा घाट असेल तर लांब वळणांवर हे आपोआप ऐकू येतं, मुद्दाम काही करावं लागत नाही. पण ही परीक्षा शंभर टक्के नाही. आजच्या बेअरिंगमध्ये छर्‍यांच्या दोन ओळी असतात. खराब झालेली ओळ आतली की बाहेरची, यावर भार कुठे आला की आवाज वाढणार हे ठरतं, त्यामुळे कधी कधी नेमकं उलटं उत्तर मिळतं. म्हणून वळणाच्या परीक्षेवरून बाजू नक्की करू नका. ‘वळणाने आवाजात फरक पडतो’ एवढंच तिच्यातून घ्या, तेवढंही पुष्कळ आहे. फरक पडत असेल तर बेअरिंगची शक्यता वाढली.

सपाट रस्त्यावर काही सेकंद क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून आवाज राहतो का तेही पाहा. राहिला तर इंजिन आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) संशयातून सुटले. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) सुटत नाही, कारण तो न्यूट्रलमध्येही चाकांबरोबर फिरतच असतो. मात्र त्याचा आवाज ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. हे उतारावर करायचं नाही, आणि चावी बंद करून तर मुळीच नाही. स्टिअरिंग लॉक होतं आणि ब्रेकची मदत जाते.

फुल कट मारून वळताना ‘टक-टक-टक’ येत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या जॉइंटचा आवाज, बेअरिंगचा नव्हे. सतत पत्रा घासल्यासारखी किरकिर येत असेल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मध्ये बहुतेक वेळा खडा अडकलेला असतो. स्क्रूड्रायव्हरने पत्रा थोडा बाहेर वाकवला की काम झालं, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

आता टायर. चारही टायरवरून तळहात फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट दिशेने. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेलं आहे आणि टायरच्या नक्षीतल्या ब्लॉकच्या कडा झिजल्या आहेत. परिघावर ठराविक अंतराने खळगे लागत असतील तर शॉकअप मेलेला असण्याची शक्यता मोठी. पुढून इंजिनची ताकद घेणाऱ्या छोट्या गाड्यांत मागचे टायर वर्षानुवर्षे तिथेच राहतात, आणि त्यांच्यावरच हे खळगे सर्वांत जास्त दिसतात. आवाज तुम्हाला पुढून येतोय असं वाटत असलं तरी मागचे टायर जरूर चाचपा. जड, खोल आवाज बॉडीतून इतका फिरतो की चालकाच्या कानाला बाजू कळतच नाही. एखाद्याला मागच्या सीटवर बसवून ऐकायला सांगितलं तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

तरी शंका असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करा. टायरला दिशेचा बाण असेल तर एकाच बाजूची पुढे-मागे करा, डावी-उजवी नको. टायरवाला शे-दोनशे रुपये घेईल. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर टायरवाल्याचं खरं. काहीही फरक पडला नाही तर आता गाडी उचलायची वेळ आली. गॅरेजवाल्याला बेअरिंगची ऑर्डर देण्याआधी ही अदलाबदल करून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

गाडी उचलताना जॅकवर विसंबू नका, खाली घोडी (गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा आणि उरलेल्या चाकांना उटी, म्हणजे ती सरकू नयेत म्हणून अडवण. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवा. हलत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर प्ले (ढिलेपणा) बेअरिंगमध्ये आहे. थांबलं नाही तर खालचा बॉल जॉइंट किंवा शॉकअपकडची वरची बाजू पाहा. नऊ आणि तीनच्या जागी धरून हलत असेल आणि वर-खाली हलत नसेल, तर टाय रॉड एंडकडे (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाकडे) जा. बेअरिंग आवाज करतंय पण प्ले शून्य, हे अगदी नेहमीचं आहे. ‘प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं’ असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मला सर्वांत भरवशाची वाटते ती स्प्रिंगची परीक्षा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला (म्हणून उटी हवीच). एक हात शॉकअपच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. खराब बेअरिंगची खरखर नकलमधून (बेअरिंग ज्यात बसतं त्या लोखंडी भागातून) स्प्रिंगमध्ये चढते आणि बोटांना बारीक मुंग्या आल्यासारखी जाणवते. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तेच करायचं. फरक इतका स्पष्ट असतो की ग्राहकाला स्वतः हात लावायला दिला की त्याला पटवावं लागत नाही. ब्रेक पॅड घासत असतील तर गोंधळ होतो, म्हणून शक्य असेल तर कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) सोडून बाजूला तारेने बांधून ठेवा आणि मग फिरवा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नकलला आणि मूठ कानाला लावून ऐकण्याची जुनी पद्धतही चालते, पण चाक हातानेच फिरवायचं. गाडी जॅकवर ठेवून गिअर टाकून चाकं पळवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या आसपासही उभं राहू नये.

तुमच्याकडे हे पावसाळ्यानंतर सुरू झालं, म्हणून कारणाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. हल्लीचं बेअरिंग कारखान्यातूनच ग्रीस भरून, दोन्ही बाजूंना सील लावून येतं. आयुष्यभर त्याला ग्रीस लागत नाही आणि भरताही येत नाही. चालून गरम झालेलं हब (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) साचलेल्या पाण्यात शिरलं की एकदम थंड होतं. आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. रस्त्यावर चाकभर पाणी असताना गाडी घातली असेल तर हेच घडतं. त्या दिवशी काहीच कळत नाही. ग्रीस हळूहळू दुधाळ होतं, छर्‍यांच्या वाटेवर गंजाचे ठिपके पडतात, मग त्या ठिपक्यांवरून पोलाद टवके उडून निघू लागतं आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी आवाज सुरू होतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या पुरांनंतर आमच्या पट्ट्यात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची इंजिनं, सीट, वायरिंग सगळं झालं. बेअरिंगं मात्र नंतर सावकाश बोलू लागली. तुमची गाडी यंदा पाण्यात गेली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गेली असेल तर एक बेअरिंग गेलं म्हणजे बाकीचीही रांगेत आहेत असं धरा. तरीही बदलायचं ते बोलणारंच.

दुसरं कारण खड्डा. वेगात कडक खड्डा बसला की छर्‍यांचा ठसा रेसवर (छर्रे ज्यावरून फिरतात त्या पोलादी कड्यावर) उमटतो आणि तिथून आवाज सुरू होतो. अशा वेळी रिमची कडही वाकलेली सापडते, ती शोधायला सोपी. बाहेर निघणारे रुंद अलॉय आणि स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावले असतील तर भार बेअरिंगच्या मधल्या रेषेपासून सरकतो आणि ते लवकर जातं. गाडी दिसायला झकास होते खरी.

आणि तिसरं कारण, ज्याबद्दल गॅरेजवाले बोलत नाहीत: आधीच्या वेळी चुकीचं बसवलेलं बेअरिंग. तुमच्या गाडीचं पुढचं बेअरिंग नकलमध्ये प्रेसने दाबून बसवायचं असतं, मागून सर्क्लिप (खाचेत अडकणारी कडी), आणि मग त्याच्यात हब दाबायचं. मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मागचं बेअरिंग ड्रममध्येच दाबलेलं असतं. नव्या घडणीच्या अनेक गाड्यांत पूर्ण हब युनिट चार बोल्टवर येतं. ते महाग, पण बसवणं सोपं आणि बिघडवणं अवघड. तुमच्यासारख्या दाबून बसवायच्या बेअरिंगमध्ये मालापेक्षा हात महत्त्वाचा.

नियम एकच आहे. ज्या रेसला घट्ट बसायचंय, जोर त्याच रेसवर द्यायचा. नकलमध्ये बसवताना बाहेरच्या रेसवर. हब दाबताना मागून आतल्या रेसला आधार देऊन. इथे उलट केलं तर प्रेसचा सगळा जोर छर्‍यांमधून जातो आणि नवं कोरं बेअरिंग गाडीला लागायच्या आधीच ठशांसकट तयार होतं. आठवड्याभरात आवाज परत, आणि दोष येतो ‘कंपनीच्या मालावर’. हातोड्याने ठोकून बसवलं तरी तेच. बहुतेक छोट्या गॅरेजमध्ये प्रेस नसते, नकल काढून लेथवाल्याकडे पाठवतात आणि तिथला पोरगा काय करतो हे कोणी पाहत नाही. तुम्ही स्वतः जाऊन उभे राहा. चांगला कारागीर जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस बाहेरून थोडी घासून तिचाच ठासा म्हणून वापर करतो. तुमच्यासमोर कोणी तसं करताना दिसला तर काम योग्य हातात आहे.

हब बाहेर काढताना जुनी आतली रेस बहुतेक वेळा हबवरच अडकून राहते. ती पुलरने काढावी किंवा ग्राइंडरने अर्धवट कापून छन्नीने फोडावी, पण हबच्या नळीला चरा पडता कामा नये. तिथे आधीच ओरखडे किंवा निळसर डाग असतील, म्हणजे रेस हबवर फिरली असेल, तर हबही बदला. नकलच्या आतली भिंत घासून साफ, सर्क्लिपची खाच मोकळी, मगच नवं बेअरिंग.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते, सेन्सर तीच वाचतो. ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. दिसायला दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, म्हणून उलटं बसवलं जातं आणि गाडी गॅरेजबाहेर पडताच एबीएसचा दिवा लागतो. मग परत काढायचं म्हणजे बेअरिंग वाया. बसवण्याआधी पेपर क्लिप हलकेच जवळ नेली तरी कळतं. चुंबक मात्र तिच्या जवळ न्यायचा नाही.

एक्सल नट नवा घ्या, जुना पुन्हा ठोकून बसवू नका. आणि हा नट एअर गनने ‘टर्रर्र’ करून कसायचा नाही. बेअरिंगच्या दोन आतल्या रेस एकमेकींवर किती दाबल्या जाव्यात हे त्या नटच्या टॉर्कवर ठरतं. छोट्या गाड्यांत तो साधारण दोनशे न्यूटन मीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा आणि टॉर्क रेंचने कसावा. गाडीचं वजन चाकावर येण्याआधी, एकाने ब्रेक दाबून धरलेला असताना. नट सैल असताना गाडी ढकलली तरी नव्या बेअरिंगचं आयुष्य कमी होतं. शॉकअप आणि नकलचे बोल्ट उघडावे लागले असतील तर शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्या. तुमच्या गॅरेजवाल्याने अंदाजपत्रकात अलाइनमेंट धरलं असेल तर ते बरोबरच आहे.

बोलेरो किंवा जुन्या पिकअपच्या मालकांसाठी जाता जाता एवढंच: तुमच्या पुढच्या चाकात कोन-कपची टेपर (छर्‍यांऐवजी निमुळत्या रोलरची) बेअरिंगं असतील तर ती धुऊन, नवं ग्रीस भरून, नट जुळवून परत बसवता येतात. पण त्यासाठी रोलर आणि कप दोन्ही चकचकीत, एकही टवका न गेलेले असायला हवेत. ‘ग्रीस मारून देतो’ हे वाक्य फक्त त्या गाड्यांना लागू पडतं. स्विफ्टच्या बाबतीत कोणी म्हणालं तर हसून निघून या.

माल घेताना डब्याच्या किमतीवर जाऊ नका. बाजारात नकली बेअरिंगचा सुळसुळाट आहे, आणि जितकं नाव मोठं तितकी नक्कल जास्त. एसकेएफ आणि शेफलर यांनी असली-नकली ओळखायला मोबाइल ॲप काढलेत, ते वापरा. नाहीतर गाडीच्या कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून बिल घेऊन आणा. जयपूरचा एनबीसीचा मालही चांगला चालतो. तुमच्या गाडीचं पुढचं बेअरिंग हजार-दोन हजारांच्या घरात मिळायला हवं. मजुरी आणि प्रेस वेगळी. जुनं बेअरिंग मागून घ्या आणि हातात धरून फिरवून पाहा. खडबडीत लागलं, रेसवर खड्डे किंवा आत तांबूस चिखल दिसला, तर काम योग्य होतं. गुळगुळीत फिरलं तर त्या गॅरेजवाल्याशी बोलायला तुमच्याकडे विषय आहे.

दिवाळीच्या प्रवासाचं म्हणाल, तर नुसती गुणगुण आहे, वर-खाली प्ले नाही, हब दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त तापत नाही, अशा स्थितीत गावातल्या गावात थोडे दिवस गाडी चालवायला हरकत नाही. पण घरच्यांना घेऊन एका बाजूचाच सव्वादोनशे-अडीचशे किमीचा प्रवास त्या बेअरिंगवर करू नका, आधी निकाल लावा. आणि पुढचं काही दिसलं तर गावातही नको: स्टिअरिंगला किंवा फरशीला थरथर, कधी कधी लागणारा एबीएसचा दिवा, किंवा वळण घेऊन झाल्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबताना पेडल खोल जाणं. हे शेवटचं लक्षण लोक ब्रेकच्या खात्यात टाकतात. खरं तर प्ले आलेल्या हबमुळे डिस्क डुलते, पॅड मागे ढकलते आणि पहिला दाब पॅड परत आणण्यातच जातो. तिथून पुढे टोइंग.

तेव्हा या आठवड्यात टायर पुढे-मागे करून घ्या, एकाच रस्त्यावर त्याच वेगाने आधी आणि नंतर ऐका, मग स्प्रिंगला हात लावून दोन्ही बाजू तपासा. काय आढळलं ते कळवा. गाडी पेट्रोल की डिझेल, एबीएस आहे का, टायर कोणत्या वर्षाचे आणि यंदा गाडी पाण्यातून गेली होती का, एवढंही सोबत लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.